जोडगाडी

आमच्या ह्यांना डेपोत सगळे मिनिटराव म्हणायचे. कौतुकाने म्हणायचे, असं ह्यांचं मत. मला विचाराल तर निम्मे लोक वैतागून म्हणायचे. लग्न झालं त्या पहिल्याच आठवड्यात मी चहा पुढे केला, तर मनगटावरच्या घड्याळाकडे बघून म्हणाले, "दोन मिनिटं लेट." तेव्हाच कप परत नेला असता तर पुढचं आयुष्य जरा बरं गेलं असतं. पण मी एकोणीस वर्षांची होते आणि मला ते गोड वाटलं. गोड! कपाळ माझं.

एकतीस वर्षं ह्यांनी बसस्टँडवर कंट्रोलरची नोकरी केली. कंट्रोलर म्हणजे खिडकीत बसून गाड्या सोडणारा माणूस. कुठली गाडी किती वाजता आली, किती वाजता सुटली, उशीर झाला तर किती मिनिटं आणि कशामुळे, हे एका लांबलचक रजिस्टरात लिहायचं आणि शिट्टी फुंकायची. खोली एवढीशी. एक टेबल, एक पंखा, भिंतीवर मोठं घड्याळ आणि खिडकीबाहेर सतत भांडणारे लोक. कारण ह्यांची एक खोड होती. खेड्यातली गाडी यायला उशीर झाला, की तिच्यातली माणसं पुढे ज्या गाडीने जाणार ती गाडी हे रोखून धरायचे. तिला जोडगाडी म्हणतात. एक गाडी दुसरीला जोडलेली, म्हणून. आतले प्रवासी बोंबलायचे, ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा, कुणीतरी आईबहीण काढायचा. हे आपले शांत. "खेड्यातून आलेला माणूस काय रात्र स्टँडवर काढेल?" एवढंच म्हणायचे आणि पेन घेऊन बसायचे.

आणि रजिस्टरात खोटं लिहायचं नाही. मेलं तरी नाही. बाकीचे कंट्रोलर 'टायर पंक्चर' असं ठोकून द्यायचे. हे लिहायचे, 'उशीर सहा मिनिटं, कारण: दोन म्हाताऱ्या चालत येत होत्या.' वरून मेमो यायचे. मेमोही तारीखवार फाइलला लावून ठेवायचे.

हे सगळं मी का सांगतेय, तर ह्यांचा स्वभाव मला ठाऊक नव्हता असं कुणी म्हणू नये. चांगला ठाऊक होता. तरी मी ह्यांच्या हातात प्रवासाची वही दिली. माझीच अक्कल शेण खायला गेली होती.

माझी एक धाकटी बहीण आहे. घरात तिला टकळी म्हणायचे, कारण उठल्यापासून झोपेपर्यंत तोंड चालू. तिचं आणि माझं पाच मिनिटं धड पटलं नाही आणि पाच मिनिटं एकमेकींवाचून करमलं नाही. बावीस वर्षांपूर्वी ती परदेशी गेली, म्हाताऱ्या माणसांच्या एका आश्रमात त्यांना न्हाऊमाखू घालायच्या कामाला. जायच्या दिवशी दुपारी आमच्याच स्टँडवरून तिची गाडी होती आणि गाडी सुटायच्या दोन मिनिटं आधी तिला आठवलं, की पासपोर्ट घरी राहिला. मी घराकडे पळत सुटले. ती खिडकीतून अर्धी बाहेर येऊन किंचाळत होती, "ताई, पळ! ताई, पळ ना!" सगळा स्टँड बघत होता. मी परत आले तेव्हा माझ्या एका पायात चप्पल नव्हती. ह्यांनी गाडी नऊ मिनिटं रोखली होती. रजिस्टरात काय लिहिलं असेल? 'उशीर नऊ मिनिटं, कारण: मेहुणीचा पासपोर्ट.' वर्षभर पगारवाढ बंद झाली ह्यांची. टकळीला हे कळलं तेव्हा तिकडून फोनवर रडली. तेव्हापासून ह्यांच्या नावाने कुणी काही बोललेलं तिला खपत नाही. मी बोललेलंसुद्धा नाही.

मग अकरा वर्षांपूर्वी आमची आई गेली. चार महिने अंथरुणाला खिळली होती. मी सगळं केलं, एकटीने. टकळी आली नाही. तिचे तिथले कागद कुठेतरी अडकले होते, निघाली असती तर परत आत घेतलं नसतं, असं काहीतरी ती सांगत होती. मला काही ऐकायचं नव्हतं. आईला नेलं त्या संध्याकाळी तिचा फोन आला आणि मी म्हणाले, "आता येऊच नकोस. आलीस तरी मी दार उघडणार नाही." तिने फोन ठेवला. बस. त्यानंतर वाढदिवसाला दोन ओळी ती पाठवायची, दोन ओळी मी पाठवायचे.

गेल्या वर्षी एक लांबलचक मेसेज आला. घशात गाठ आहे. गळ्यातली आवाजाची पेटी काढून टाकणार. जीव वाचेल म्हणतात, आवाज जाईल. पुढच्या महिन्यात, मंगळवारी सकाळी आठला. खाली लिहिलं होतं, "डॉक्टरने बोलायला बंदी केलीय. थोडा आवाज उरलाय तो मी जपून ठेवलाय. फोनवर बोलणार नाही, फोनवरच आपलं तुटलं होतं. तू इकडे ये. सोमवारी दुपारपर्यंत पोच. मला तुझ्याशी तोंडाने बोलायचंय, एकदाच."

मी तो मेसेज स्वयंपाकघरात उभ्याने वाचला. ओट्यावरचं दूध उतू गेलं. हे आत आले, गॅस बंद केला, मेसेज वाचला आणि म्हणाले, "जायचं." कसं, कुठून, कशाने, काही नाही. नुसतं "जायचं". त्या क्षणी ह्यांच्याबद्दल मला फार बरं वाटलं होतं. हेही सांगायला हवं, नाहीतर म्हणाल बाई नुसती तोंड सोडते.

आता पैसा. निवृत्त कंट्रोलरकडे असतो तेवढा होता. मुलगा म्हणाला, "बाबा, मी तिकिटं काढतो, थेट मावशीच्या गावापर्यंतची." हे म्हणाले, "तुझे हप्ते तू फेड. आयुष्यभर लोकांच्या गाड्या लावल्या, बायकोची मला लावता येणार नाही?" आणि वही उघडली. तीन आठवडे ती वही बंद झाली नाही. लाल पेन, निळं पेन, पट्टी. मुलाच्या कॉम्प्युटरवर तिकडची वेळापत्रकं काढायची, भिंग घेऊन वाचायची आणि अशा आनंदाने मान डोलवायची, की जणू कुणाचं तरी लग्न ठरवताहेत. सगळ्यात स्वस्त विमान भलत्याच शहरात उतरायचं. तिथून टकळीच्या गावाला थेट बस होती, साडेतीनला पोचणारी, पण तिचं भाडं दणदणीत. ह्यांनी शोधून काढलं, की दोन तुकड्यांत गेलं तर एक तृतीयांशात काम होतं. पहिली बस मधल्या गावाला एक वाजून दहा मिनिटांनी पोचते. दुसरी तिथूनच एक वीसला सुटते.

"दहाच मिनिटं?" मी विचारलं. "पहिलीला उशीर झाला तर?"

ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी सूर्य कुठून उगवतो असं विचारलं. "अगं, एक दहा आणि एक वीस. ही जोडगाडी आहे. दहा मिनिटांची जोड उगाच ठेवतं का कुणी? तिकडे तर शिस्त असते. हिची माणसं आल्याशिवाय ती हलणार नाही."

"कुणाला विचारलंत?"

"वेळापत्रकच बोलतंय."

वेळापत्रक बोलतंय! एकतीस वर्षं ज्याने स्वतःच्या हाताने गाड्या थांबवल्या, त्याला वाटलं जगात सगळीकडे कुणीतरी खिडकीत बसलंय आणि गाड्या थांबवतंय. दुसऱ्या कुठल्याही माणसाने ही चूक केली नसती. वाण्याने केली नसती, मास्तरने केली नसती. कंट्रोलरनेच केली.

सोमवारी सकाळी आम्ही तिकडे उतरलो. थंडी अशी, की दात वाजत होते. विमानतळाच्या बाहेर ती महागातली थेट बस उभी होती, दार उघडं, आत मऊ खुर्च्या. मी तिच्याकडे बघत राहिले. हे म्हणाले, "बघू नकोस, आपली पलीकडे आहे." पलीकडे म्हणजे दोन रस्ते ओलांडून, एका गोदामाच्या मागे. बॅगांची चाकं फरशीत अडकत होती. आमची गाडी हिरवी होती, आत ओल्या कपड्यांचा वास आणि माझ्या सीटचा हात तुटलेला. पण सुटली वेळेवर. हे खुशीत. घड्याळ काढून मांडीवर ठेवलं, वही उघडली आणि प्रत्येक थांब्यापुढे बरोबरची खूण करत गेले.

बाराच्या सुमाराला रस्त्याचं काम लागलं. एकच बाजू चालू. गाड्यांची ही रांग. ह्यांनी खुणा करणं थांबवलं. मग बाजूच्या बाईने डबा काढून खायला सुरुवात केली, तेव्हा मला कळलं की हे रोजचंच आहे.

"किती झाले?" मी विचारलं.

"आठ मिनिटं जातील फार तर. थांबतील ते."

एक सत्तावीसला पोचलो. मधलं गाव म्हणजे एक मोठी शेड, चार बाकडी आणि एक तिकीटखिडकी. एकही गाडी नाही. सगळा फलाट मोकळा. हे खाली उतरून फलाटाच्या टोकापर्यंत चालत गेले, तिथे जमिनीवर तेल सांडलेलं ताजं दिसत होतं, त्याकडे बघत उभे राहिले. मी खिडकीशी गेले. आतल्या बाईला तिकीट दाखवलं. तिने घड्याळ दाखवलं, हाताने 'गेली' अशी खूण केली आणि एका कागदावर लिहून दिलं: उद्या, पाच वीस.

नंतर कळलं. आमची गाडी हिरव्या कंपनीची, पुढची पांढऱ्या कंपनीची. हिरवीला पांढरीचं काही सोयरसुतक नाही. ती दहा मिनिटं म्हणजे निव्वळ योगायोग होता. आणि त्या योगायोगावर ह्यांनी लाल पेनने चौकोन काढला होता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या शेडमध्ये उभी राहून मी काय काय बोलले ते सगळं सांगत नाही. खिडकीतली बाई पडदा ओढून आत गेली, एवढं पुरे. "तुमच्या वहीला काडी लावा! तुमच्या बापाच्या डेपोतली गाडी होती का ती, तुमच्यासाठी थांबायला? माझी बहीण तिकडे घसा धरून बसलीय आणि तुम्ही बसा पैसे वाचवत!" हे ऐकत होते. बॅगेच्या पट्ट्याला हात धरून, मान खाली घालून. उलट बोलले असते तर मला जरा बरं वाटलं असतं.

शेडबाहेर एक टॅक्सी होती. टॅक्सीवाला तोंडात सिगारेट धरून आमची मजा बघत होता. मी त्याला गावाचं नाव दाखवलं. त्याने फोनवर आकडा टाइप करून माझ्यापुढे धरला. पुढच्या आठ दिवसांसाठी ह्यांच्या कमरेच्या पिशवीत जेवढं होतं, जवळजवळ तेवढाच.

"द्या," मी म्हणाले.

हे पिशवीवर हात ठेवून उभे. "मग तिथे काय खायचं? परत विमानतळावर कसं यायचं?"

"चालत! द्या म्हटलं ना!"

शेडमध्ये फुकटचं इंटरनेट होतं. मी टकळीला फोन लावला. तिने कट केला. परत लावला, परत कट. मग मेसेज आला. "उद्या पावणेआठला खाली नेणार. त्याआधी ये."

ह्यांनी मेसेज वाचला आणि डोळ्यांत तीच जुनी चमक आली. "बघ. पाच वीसची गाडी सात दहाला पोचते. दवाखाना दहा मिनिटांवर. सात वीस. पंचवीस मिनिटं मिळतात तुम्हाला."

"अकरा वर्षांचं पंचवीस मिनिटांत बोलू?"

"तुम्ही दोघी पाच मिनिटांत आख्खं भांडण करून गोड होता. मी बघितलंय."

आणि मी टॅक्सीवाल्याला मान हलवून नाही म्हटलं. मी. ह्यांनी नाही. त्याने सिगारेट फेकली आणि निघून गेला.

इतके महिने मी सगळ्यांना सांगतेय, की ह्यांच्या चिकटपणामुळे झालं. इथे खरं सांगते. टॅक्सी नको म्हणताना पैशाची काळजी होतीच, पण मला भीती वाटत होती. टकळी काय बोलणार होती, ते मला ठाऊक नव्हतं. शिव्या घालणार होती? आईबद्दल काही सांगणार होती? की सरळ विचारणार होती, 'दार उघडशील का?' आणखी एक रात्र मिळतेय म्हटल्यावर माझा जीव भांड्यात पडला. तेव्हा राग येतो तो एकट्या ह्यांचाच येत नाही.

रात्र बाकड्यावर काढली. खेड्यातून आलेल्या माणसाने स्टँडवर रात्र काढू नये म्हणून ज्याने जन्म घालवला, तो स्वतः स्टँडवर. मी हे ह्यांना ऐकवलं. दोनदा ऐकवलं.

सकाळी पाच वीसची पांढरी गाडी पाच वीसला हलली. एक सेकंद इकडेतिकडे नाही. बाहेर धुकं होतं. ह्यांनी वही काढली नाही, घड्याळ तेवढं मुठीत धरलं होतं. सहा वाजले, सव्वासहा वाजले, सगळं वेळेत. मला जरा धीर आला. मी मनात वाक्यं जुळवायला लागले. आधी मी बोलायचं की तिला बोलू द्यायचं? तिला बोलू द्यायचं. आवाज तिचा जाणार होता, माझा नाही.

साडेसहाला गाडी एका मोठ्या तळ्याच्या काठाला थांबली. तिथे बोटीचा धक्का होता. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, थर्मास काढला, चहा ओतला.

"काय झालं?" मी विचारलं.

हे पुढे जाऊन धक्क्यावरची पाटी बघून आले. आणि देवाशपथ सांगते, माणसाचा चेहरा फुलला होता. "बोट यायचीय पलीकडून. धुक्याने लेट झाली. तिची माणसं आल्याशिवाय ही सुटत नाही. बोट आणि बस एकाच कंपनीच्या आहेत, बघ!" आणि मग, "मी म्हणत होतो ना? थांबतात! जोडगाडी आहे!"

मी त्यांना तळ्यात ढकललं नाही, हे माझ्या आईचे संस्कार.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. मी ड्रायव्हरपुढे जाऊन उभी राहिले आणि मराठीतून त्याला सांगितलं, की बाबा रे, माझ्या बहिणीचा गळा कापणार आहेत, हाल ही गाडी. त्याला काय कळणार? चांगला माणूस होता. मला थंडी वाजतेय असं त्याला वाटलं असावं, त्याने थर्मासच्या झाकणात चहा ओतून माझ्या हातात दिला. मी तो हातात धरून उभी. मागे सगळे प्रवासी गप्प. एकजण तरी ओरडेल, हॉर्न वाजवेल, आईबहीण काढेल? कुणी नाही. आमच्या स्टँडवर लोक ह्यांच्या खिडकीवर का आदळायचे, ते मला त्या दिवशी कळलं. प्रत्येकाला कुठेतरी पोचायचं असतं. मी इतकी वर्षं त्या लोकांना माणुसकी नाही म्हणत आले होते.

हे जागेवरून बोलले, "येईलच." आता चेहरा फुललेला नव्हता. घड्याळ कानाला लावलं होतं, बंद पडलंय का बघायला.

पस्तीस मिनिटांनी बोट आली. तिच्यातून उतरले किती? चार जण. एक काठीवाला म्हातारा, दोन बाया, एक पोस्टाची थैली घेतलेला. म्हातारा पायरी चढायला पाऊण मिनिट घेत होता आणि हे उठले, त्याला हात दिला, वर घेतला. सवयीने. मी बघत होते. मला रडू आलं आणि इतका राग आला, की कुठलं कशाचं होतं सांगता येत नाही.

पावणेआठला आम्ही टकळीच्या गावात उतरलो. बॅगा तिथेच फलाटावर टाकल्या. मी पळत सुटले. चढाचा रस्ता, निसरडा. मागून ह्यांचे बूट वाजत होते, ह्यांचा गुडघा वाईट आहे, मी वळून बघितलं नाही. कानात एकच, ताई, पळ, ताई, पळ ना. दवाखान्याच्या दारात मला धाप लागून शब्द फुटेना. मी फोनवरचं तिचं नाव दाखवलं. तिसरा मजला. लिफ्ट वर कुठेतरी अडकली होती म्हणून जिने चढले.

खोलीत पलंग नव्हता. म्हणजे पलंगाची जागा होती, भिंतीवर दिवा होता, खुर्चीवर तिची शाल होती. पलंग चाकाचा असतो, तो तिच्यासकट खाली गेला होता. खुर्चीशेजारी एक दांडगी बाई उभी होती. टकळीबरोबर आश्रमात काम करणारी, सतरा वर्षांची मैत्रीण. टकळीने तिला थोडं मराठी शिकवलं होतं, म्हणजे शिव्या, आणि 'लवकर', आणि 'थांब'. तिने माझ्याकडे बघितलं, मग घड्याळाकडे. सात एकोणसाठ.

"ताई?" ती म्हणाली.

मी मान हलवली.

तिने हाताने पलंग ढकलल्याची खूण केली, मग दाराची चौकट दोन्ही हातांनी घट्ट धरून दाखवली. "थांब, थांब," ती म्हणाली. "ती म्हणते, थांब. माणूस म्हणतो, लवकर. ती म्हणते, थांब." आणि बोटं वर केली. एका हाताची पाच, दुसऱ्याची चार.

नऊ मिनिटं. माझ्या बहिणीने दाराची चौकट धरून पलंग नऊ मिनिटं रोखला होता. पावणेआठपासून सात चोपन्नपर्यंत. उरलेला आवाज तिने त्या वॉर्डबॉयला 'थांब' म्हणण्यात घालवला. तेही मराठीतून; त्याला तो शब्द कळतही नव्हता.

तेवढ्यात हे दारात आले, धापा टाकत, भिंतीला धरून. मी त्यांना बोटं दाखवली. ते समजले. त्यांना मिनिटांचं समजावून सांगावं लागत नाही. तिथेच खाली बसले, फरशीवर. मी त्यांच्यावर ओरडले. सगळा मजला गोळा झाला तरी ओरडत राहिले. त्या दांडग्या बाईने मला धरून तिच्या मोठ्या पोटाशी दाबलं आणि तिला येत होती ती एक मराठी शिवी हळूच म्हणाली. कुणाला दिली कोण जाणे.

ऑपरेशन नीट झालं. जीव वाचला. हे मी रोज स्वतःला सांगते.

दोन दिवसांनी तिला खोलीत आणलं. गळ्याला पट्ट्या, नळी, चेहरा एवढासा. हातात एक छोटी पांढरी पाटी आणि पेन, लिहून पुसायची. मला बघितल्यावर तिने तोंड उघडलं. सवय ना जन्माची. नुसती हवा आली. तिने तोंड मिटलं आणि पाटी ओढली.

लिहिलं, "नऊ मिनिटं थांबवली होती गाडी."

ही पाटी तिने मला दाखवली नाही, ह्यांना दाखवली. ह्यांनी वाचलं. मग पुढे होऊन पेन तिच्या हातातून घेतलं आणि खाली त्यांच्या त्या रजिस्टरातल्या अक्षरात लिहिलं, 'उशीर पाच मिनिटं. कारण: कंट्रोलर.'

टकळीने वाचलं आणि तिचे खांदे हलले. आवाज नाही, पण हसत होती. ह्यांच्या हातावर तिने दोनदा थापटलं. झालं! ह्यांचं मिटलं! कागदावर कारण लिहिलं की ह्यांचं मिटतं. मी पलंगाच्या दुसऱ्या बाजूला उभी होते आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. माझं कुठल्या रजिस्टरात लिहायचं?

हे बाहेर गेल्यावर मी तिच्या उशाशी बसले. म्हणाले, "त्या दिवशी फोनवर मी जे बोलले ते मी बोलायला नको होतं. दार कधी बंद नव्हतं, टकळे." तिने डोळे मिटून घेतले. मान हलवली. मग मी विचारलं, "तू काय बोलणार होतीस?"

तिने पेन उघडलं. पाटीवर टेकवलं. बराच वेळ तसंच धरलं. मग लिहिलं, "ते बोलायचं होतं." माझ्याकडे बघितलं आणि तळहाताने पुसून टाकलं.

परत येताना ह्यांनी कुणाला न विचारता थेट बसची तिकिटं काढली, त्या मऊ खुर्च्यांची. वही कुठे गेली विचारलं नाही.

आता रोज संध्याकाळी आम्ही फोनवर एकमेकींना बघतो. ती पाटी धरते. तिकडे बर्फ पडला, लिहिते. आश्रमातली अमकी म्हातारी गेली, लिहिते. माझे केस किती पांढरे झालेत, त्यावर तर पाटीभर लिहिते, दोन्ही बाजूंनी. हे मागे खुर्चीत बसून ऐकतात, पुढे येत नाहीत, घड्याळाकडे बघत राहतात. फोन ठेवायच्या आधी मी विचारते, "काय बोलणार होतीस, सांग ना." रोज विचारते. ती रोज पाटी पुसते.